नवा टॉवेल पाणी का पीत नाही, आणि असेच काही खुळे प्रश्न

पुण्याच्या एका ताईंनी प्रश्नांची यादीच पाठवली आहे. वर लिहिलंय, "हसू नका, पण हे लहानपणापासून डोक्यात आहे." प्रश्न असे: नवा कोरा टॉवेल अंगावरचं पाणी नुसतं इकडचं तिकडे फिरवतो, टिपत का नाही? दोरीवर वाळला की कडक का होतो? आंघोळ करून स्वच्छ अंग पुसतो, तरी टॉवेल मळतो कसा? ओला कपडा गडद का दिसतो? पाणी १०० अंशाला उकळतं, मग टॉवेल ३० अंशाला वाळतो कसा? टोकांना ती सपाट पट्टी कशाला? नव्या कपड्याचा रंग मिठाच्या पाण्यात पक्का होतो का? आणि हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल का होतो?

ताई, हसण्यासारखं यात काही नाही. मी सोलापुरात टॉवेलच्या ब्लीचिंग-डाइंगचं काम बघतो, आणि यातले निम्मे प्रश्न आमच्याकडे व्यापारी रोज विचारतात. फक्त ते त्याला 'कंप्लेंट' म्हणतात.

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्यातूनच निघतात. कापूस बोंडातून निघतो तेव्हा तो पाणी पीत नाही. तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. असा कापूस पाण्यात टाकला तर बराच वेळ वरच तरंगतो. त्याचं सूत झालं की मागावर चढवण्याआधी ताण्याला, म्हणजे लांबीच्या उभ्या धाग्यांना, खळ लावतात, नाहीतर विणताना धागे तुटतात. म्हणजे मागावरून उतरलेला टॉवेल मेण आणि खळ दोन्ही घेऊनच उतरतो. त्याला आम्ही ग्रे माल म्हणतो. दिसायला मळकट पिवळा, हाताला राठ. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो गोल होऊन जागच्या जागी बसून राहतो.

हा माल आमच्याकडे येतो. आधी एन्झाइमच्या पाण्यात खळ काढायची, मग कॉस्टिक सोड्यात उकळून मेण काढायचं, मग हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरा करायचा. मेण गेलं की आतलं सेल्युलोज उघडं पडतं, आणि त्याला पाण्याची ओढ फार. तोच थेंब आता टाकल्या टाकल्या गायब होतो.

इथवर सगळं छान. घोळ होतो तो शेवटच्या टबात, सॉफ्टनर घालताना. सॉफ्टनरच्या कणाचं एक टोक धन भाराचं असतं आणि ओल्या सुतावर ऋण भार असतो, म्हणून ते टोक सुताला चिकटतं. दुसरं टोक चरबीसारखं, ते बाहेरच्या बाजूला राहतं. त्यामुळे धागे एकमेकांवरून सरकतात आणि टॉवेल मऊ लागतो. पण जे मेण आम्ही एवढा सोडा घालून, एवढी वाफ जाळून काढलं, त्याच्याच जागी नवा चरबीचा थर बसवला, असं झालं की हो! सिलिकॉनचे सॉफ्टनर आले, त्यांनी माल आणखी गुळगुळीत झाला, आणि त्यातले बरेच पाण्याला आणखीच नकोसे. पाणी पिऊ देणारे सॉफ्टनरही मिळतात, पण ते महाग.

मग घालताच कशाला, असं तुम्ही विचाराल. ताई, दुकानात टॉवेल ओला करून कोण बघतं? सगळे त्यावर हात फिरवतात, गालाला लावतात, आणि मऊ असेल तो घेतात. टॉवेलचं काम पाणी टिपायचं, पण तो विकला जातो कोरड्या हाताच्या भरवशावर. धंद्यातली निम्मी भांडणं या एका गोष्टीची आहेत. व्यापारी म्हणतो अजून मऊ करा, मास्तर म्हणतो मग पाणी पिणार नाही, आणि जिंकतो व्यापारी.

तेव्हा नवा टॉवेल वापरायला काढण्याआधी दोन-तीनदा कोमट पाण्यात धुवा. पावडर नेहमीच्या निम्मी. कंडिशनर अजिबात नको. तो म्हणजे बाटलीत भरलेला सॉफ्टनरच. वर्षभर वापरलेला टॉवेलही पाणी टिपेनासा झाला असेल तर बहुतेक वेळा कंडिशनर बंद केला की चार-सहा धुण्यांत सुधारतो. आम्ही मालाची परीक्षा करतो तशी तुम्हीही करू शकता. टॉवेलचा कोपरा सपाट धरून त्यावर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडा. एक-दोन सेकंदांत मुरला तर माल चांगला. थेंब चमकत बसला तर अजून धुवायला हवा. फार मखमली दिसणाऱ्या टॉवेलच्या एका बाजूचे लूप, म्हणजे सुताचे ते उभे फासे, कापून काढलेले असतात. तो दिसायला देखणा, पण पाणी टिपायला त्याची लूपवाली बाजूच वापरा.

आता कडकपणाचं. सोलापुरात याला सरसकट बोअरच्या पाण्याचा दोष देतात. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, मग धुणं बोअरच्या पाण्यावर, आणि ते जड. जड पाण्यातला कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट साका तयार करतो, तो लुपांच्या बुडाशी बसतो आणि टॉवेल राठ होतो. हे खरंच आहे. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घातलं तर फरक पडतो. पण अगदी मऊ पाण्यात, साबणाशिवाय धुतलेला सुती टॉवेलही दोरीवर वाळला की कडक होतोच. त्याचं कारण जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठ आणि काओ कंपनीच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं. टॉवेल आपल्याला कोरडा वाटतो तेव्हाही सुताच्या पृष्ठभागाला थोडं पाणी घट्ट धरून असतं. हे पाणी नेहमीच्या पाण्यासारखं वागत नाही, ते शेजारशेजारच्या तंतूंना एकमेकांना चिकटवून ठेवतं. कापसात एरवीही हवेतला ओलावा असतोच. कापडाच्या धंद्यात कापसाला साडेआठ टक्के ओलावा धरून वजनाचा हिशेब करतात.

म्हणूनच कडक टॉवेल दोन हातांनी चुरगाळला की मऊ होतो. चिकटलेले तंतू सुटतात, बस. वाळत घालण्याआधी चार सणसणीत झटके द्या, निम्मा वाळला की पुन्हा द्या. लूप उभे राहिले की तंतूंना चिकटायला जागाच कमी मिळते. आणि सॉफ्टनर कडकपणा कसा घालवतो, तर तंतूंच्या मध्ये चरबी घालून. फिरून आलोच तिथे.

उन्हात वाळलेल्या कपड्याला एक वास येतो, तो काही मनाचा खेळ नाही. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०२० मध्येच टॉवेल उन्हात, सावलीत आणि घरात वाळवून त्यातून निघणारे वायू तपासले. उन्हातल्या टॉवेलमध्ये काही अल्डिहाइड आणि कीटोन सापडले, जे अत्तरांतही असतात. ओल्या कपड्यावर ऊन पडलं की तिथे रासायनिक क्रिया होते आणि ते तयार होतात.

स्वच्छ अंग पुसून टॉवेल मळतो कसा? कारण अंग 'स्वच्छ' कधी होतच नाही. कातडीचा वरचा मेलेला थर सतत सुटत असतो. आंघोळीत तो भिजून फुगतो, पाण्याने थोडा जातो, उरलेला तुम्ही घासून टॉवेलला देता. बरोबर अंगाचं तेल आणि उरलासुरला साबणही. टॉवेल घाण होतोय म्हणजे तो काम करतोय. तीन-चार वेळा वापरला की धुवायला टाका, आणि घरात एकच टॉवेल सगळ्यांनी वापरायची पद्धत असेल तर ती मोडा.

पावसाळ्यात येणारा कुबट वास मात्र वेगळा. तो मळाचा नाही, त्या मळावर जगणाऱ्या जीवाणूंचा. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये त्यातला मुख्य गुन्हेगार शोधला, त्याचं नाव मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. हा गडी वाळण्याला आणि उन्हालाही बऱ्यापैकी पुरून उरतो. म्हणून धुऊन वाळवलेला टॉवेल पुन्हा ओला झाला की पाच मिनिटांत तोच वास. अशा टॉवेलवर सुगंधी पावडर घालून काही होत नाही. गरम पाणी, ६० अंशांच्या वर, अर्धा तास. आमच्या आज्या पंचे उकळायच्या, त्या काही उगाच नाही. आणि ओला टॉवेल बादलीत किंवा मशीनमध्ये दाबून ठेवू नका, एवढं केलं तरी पुष्कळ.

ओला कपडा गडद का, हा माझा आवडता प्रश्न, कारण रंगाऱ्याचं पोट यावर आहे. कापसाच्या प्रत्येक तंतूभोवती हवा असते. प्रकाश हवेतून तंतूत जाताना, परत हवेत येताना दर वेळी वळतो, विखुरतो आणि त्यातला बराचसा परत आपल्या डोळ्यांकडे येतो. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचं माप, १, कापसाचा साधारण १.५५. फरक मोठा, म्हणून विखुरणंही जास्त. मध्ये पाणी भरलं की त्याचा अपवर्तनांक १.३३, फरक कमी झाला. प्रकाश कमी विखुरतो, आत खोल जातो, तिथे रंग त्याला गिळतो, आणि परत येणारा उजेड घटतो. म्हणून गडद. पांढरा सदरा भिजला की आरपार दिसायला लागतो तेही यामुळेच. डाइंग हाऊसमध्ये म्हणूनच ओल्या तुकड्यावर शेड कधी ठरवत नाहीत. मशीनमधून नमुन्याचा तुकडा काढायचा, पिळायचा, इस्त्रीने खडखडीत वाळवायचा, थोडा गार होऊ द्यायचा आणि मग पार्टीच्या नमुन्याशेजारी उजेडात धरायचा. नवा पोरगा घाईने ओला तुकडाच बघतो आणि म्हणतो, "मास्तर, डार्क झालं." जुना रंगारी ओल्यावरूनही सांगतो म्हणा, पण तो मनातल्या मनात वाळवून बघत असतो.

१०० अंशांचं थोडक्यात. उकळणं म्हणजे पाण्याची आतूनच वाफ होणं, त्याला १०० अंश लागतात. वाळणं फक्त पृष्ठभागावरून होतं. पाण्याचे सगळे कण सारख्या वेगाने फिरत नाहीत; त्यातले जोरात असतील ते कुठल्याही तापमानाला सुटून हवेत जातात. अट एकच, हवेत जागा पाहिजे. सोलापुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत, टॉवेल दोरीवर टाकून चहा होईपर्यंत निम्मा वाळतो. मुंबईत जुलैमध्ये दोन दिवस लागतात, कारण हवाच आधी भिजलेली. पंख्याखाली कपडे वाळतात ते याचसाठी, वारा ओली हवा बाजूला सारून कोरडी आणून देतो. आणि जाणारे कण उष्णता घेऊन जातात, म्हणून उन्हात डोक्यावर ओला पंचा टाकला की बरं वाटतं.

याच्याच शेजारचा एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सगळ्यांना पडतो: थंडीत सकाळी दोरीवरचा टॉवेल ओला आहे की नुसता गार, हे कळत का नाही? कारण ओल ओळखणारी वेगळी सोय माणसाच्या कातडीत नाहीच. गारवा आणि स्पर्श यांवरून मेंदू अंदाज बांधतो. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, तो अंदाज हमखास चुकतो.

आता ती सपाट पट्टी. यासाठी आधी लूप कसा होतो ते सांगावं लागेल, आणि ते एकदा मागासमोर उभं राहून बघण्यासारखं आहे. टर्कीच्या, म्हणजे लूपवाल्या टॉवेलच्या, मागावर ताण्याचे दोन बीम, म्हणजे धागे गुंडाळलेले रूळ, असतात. एक घट्ट ताणलेला, त्याने कापडाची जमीन विणली जाते. दुसरा ढिला सोडलेला, तो पाइलचा, म्हणजे लुपांचा. पहिला बाणा, म्हणजे आडवा धागा, टाकला की तो ठोकणारी फणी त्याला विणलेल्या कापडापर्यंत नेतच नाही, थोडं अंतर ठेवून सोडते. दुसराही तसाच. तिसऱ्या बाण्याला फणी पूर्ण पुढे येते आणि तिन्ही बाणे एकदम ढकलून कापडाला भिडवते. घट्ट ताण्यावरून ते नुसते सरकतात. ढिला ताणा मात्र त्यांच्यात अडकलेला असतो, तो त्यांच्याबरोबर पुढे येतो आणि मधलं जादा सूत वर आणि खाली उभं राहतं. झाला लूप. अंतर जास्त ठेवलं तर लूप उंच. एक मीटर टॉवेलला पाइलचं सूत चार-पाच मीटर सहज लागतं, जाड मालाला त्याहून जास्त. ही विणकाम पद्धत मूळची तुर्कस्तानातली. इंग्लंडच्या हेन्री क्रिस्टी यांनी तिथून नमुना नेला आणि १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात त्यांचे टॉवेल लोकांनी पाहिले. आमच्याकडे आज सोलापुरी टर्की टॉवेलला आणि सोलापुरी चादरीला, दोन्हींना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे.

पट्टीच्या जागी पाइल थांबवतात आणि फणी प्रत्येक बाणा पुरता ठोकते. कारण सरळ आहे. टॉवेल सलग विणला जातो, मग कापून टोकं दुमडून शिवतात. दुमडीत लूप आले तर जाडी वाढते, सुया तुटतात, शिलाई फुगते. म्हणून टोक सपाट. त्याच्या थोडं आत जी नक्षीची पट्टी असते ती शोभेची आणि कंपनीची ओळख म्हणून, आणि तिथे सूतही वाचतं, हे कोणी सांगणार नाही. घेताना या नक्षीच्या पट्टीकडे नीट बघा. तिच्यात चकाकणारं वेगळं सूत असेल तर ते आणि कापूस सारखे आटत नाहीत, दोन धुण्यांत पट्टीला चुण्या पडतात आणि टॉवेल तिथे आवळल्यासारखा दिसतो.

एखादा लूप ओढला गेला तर घाबरू नका आणि तो ओढूही नका. ओढलात तर शेजारचे लूप त्यात जातील. कात्रीने बुडाशी कापून टाका. हे विणलेलं कापड आहे, स्वेटरसारखं उसवत नाही.

चादरीबद्दलही एक ओळ. सोलापुरी चादरीची सुलटी बाजू कुठली, असं पाहुणे विचारतात. दोन्ही. जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, दोन रंगांचं कापड एकत्र विणतात, वर लाल आलं तिथे खाली पांढरं जातं. म्हणून उलटी केली की तीच नक्षी उलट्या रंगांत.

मीठ. घराघरांत नवी साडी, नवी चादर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. ही समजूत आली कुठून, ते मला दिसतं: डाइंगमध्ये आम्हीही मीठ घालतो, आणि थोडंथोडकं नाही. पण तिथे मिठाचं काम रंगाला पाण्यातून सुताकडे ढकलायचं. रिअॅक्टिव्ह रंग पक्का होतो तो नंतर सोडा घातल्यावर, तेव्हा रंगाची कापसाशी रासायनिक गाठ बसते. मग जादा रंग उकळत्या साबणाच्या पाण्यात धुऊन काढायचा. घरी पहिल्या धुण्यात रंग निघतो तो बहुतेक हाच, जो कारखान्यात कोणीतरी पाणी आणि वेळ वाचवायला नीट धुतला नाही. तुमचं मीठ त्याची गाठ बसवू शकत नाही. मीठ असेपर्यंत तो थोडा कमी सुटतो एवढंच, पुढच्या साध्या पाण्यात पुन्हा सुटेल. पहिली तीन-चार धुणी वेगळी, गार पाण्यात, भिजत न ठेवता करा. तेवढ्यावर थांबला नाही तर रंगच कच्चा, दुकानदाराला परत द्या.

आणि शेवटची हळद. लग्नाच्या दिवसांत हा फोन ठरलेला. हळदीचा कार्यक्रम झाला, पांढऱ्या टॉवेलांना पिवळे डाग, कोणीतरी साबण लावून घासलं आणि सगळे डाग रक्तासारखे लाल. कामवाली घाबरते, घरातले म्हणतात साबणात भेसळ. हळदीतला रंग कुर्क्युमिन. तो आंबट पाण्यात पिवळा राहतो आणि क्षारात लालसर तपकिरी होतो. साबण आणि धुण्याचा सोडा क्षारच. शाळेत हळदीचा कागद करून हेच दाखवतात. त्या लाल डागावर लिंबू पिळा, परत पिवळा होईल. डाग गेला नाही आणि वाढलाही नाही, नुसता रंग बदलला.

तो घालवायचा उपाय मात्र फुकटचा आहे. कुर्क्युमिन उन्हात टिकत नाही. आमच्याकडे रंगाचा उन्हातला पक्केपणा तपासतात, त्यात हळद पहिल्याच दिवशी नापास होईल. टॉवेल साबणाने धुवा, लाल झाला तर होऊ द्या, खळखळून साबण काढा आणि ओला असतानाच डागाची बाजू वर करून कडक उन्हात टाका. डाग तेलाच्या फोडणीचा असेल तर आधी भांड्याच्या साबणाने तेल काढा, नाहीतर ऊन आतपर्यंत काम करत नाही. एका दुपारीत फिका होतो, उरला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला करून टाका. पांढऱ्या टॉवेलला थोडं पेरॉक्साइड चालतं. रंगीत टॉवेलला ब्लीच लावू नका, हळदीबरोबर आमचाही रंग जातो आणि मग फोन आम्हालाच येतो.